धावता धोटा

हातमागावर बाण्याचे सूत वाहून नेणारा धोटा हाताने न फेकता दोरीच्या झटक्याने कापडाच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पाठविण्याची योजना. जॉन के (१७०४–सु. १७७९) या इंग्रज कारागिराने १७३३ साली तिचे एकस्व मिळविले. या योजनेमुळे विणकाराच्या कामाचा वेग साधारणपणे दुप्पट झाला. मात्र वाढलेल्या वेगाचे परिणाम सर्वत्र सारखे झाले नाहीत. इंग्लंडमध्ये या साधनापासून सुरू झालेल्या बदलांचा शेवट हातमाग नामशेष होण्यात झाला, तर भारतात त्याच साधनाने हातमागाला गिरणीपुढे टिकून राहण्यास साहाय्य केले.

रचना व कार्य : विणताना ताण्याची सुते वह्यांच्या साहाय्याने वरखाली होतात व त्यांच्यामध्ये फट पडते. या फटीतून धोटा गेला म्हणजे त्यातील कांडीवरचे सूत उलगडते आणि बाण्याचा एक धागा पडतो. तो फणीने ठोकून आधीच्या धाग्याला भिडवितात. जुन्या पद्धतीत विणकर एका हाताने धोटा फेकी, दुसऱ्या हाताने झेली आणि मग फणी ओढण्यासाठी एक हात मोकळा करी. साहजिकच कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पोचेपुरताच मर्यादित राही. रुंद पन्ह्याच्या लोकरी कापडासाठी एका मागावर दोन माणसे बसवावी लागत.

केने फणीच्या चौकटीला लाकडी धावपट्टी जोडून तिच्या दोन्ही टोकांना एकेक पेटी बसविली. प्रत्येक पेटीत सळईवर सरकणारा एक ठोकळा असून दोन्ही ठोकळ्यांच्या दोऱ्या विणकाराच्या हातातील मुठीला बांधलेल्या असतात. मुठीला झटका देताच ठोकळा धोट्याला टोला देतो आणि धोटा पट्टीवरून धावत समोरच्या पेटीत जातो. एक हात मुठीवर व दुसरा फणीवर राहत असल्यामुळे हातांची अदलाबदल करावी लागत नाही. रुंद कापडही एकटा विणकर विणू शकतो. केचा मुलगा रॉबर्ट याने १७६० मध्ये खालीवर होणारी पेटी योजून निरनिराळ्या रंगांचे धोटे आलटून पालटून वापरण्याची सोय केली.

इंग्लंडमधील परिणाम : या साधनाने रोजगार जाईल या भीतीने विणकरांनी त्याला विरोध केला. कापड उत्पादकांनी ते वापरले. पण स्वामित्वशुल्क देण्याचे टाळले आणि न्यायालयीन खर्च भागविण्यासाठी आपसांत संघ स्थापन केला. दाव्यांच्या खर्चाने जेरीस आलेला के १७४७ साली फ्रान्सला गेला. तेथे त्याला सरकारी साहाय्य मिळाले.

सुती कापडाच्या विणकामात धावत्या धोट्याचा प्रसार मुख्यतः १७५० नंतर झाला. एका मागाला पुरेल इतके सूत कातण्यास आधीच अनेक चरखे लागत. आता माग आणखी वेगाने चालू लागल्यामुळे सुताचा तुटवडा तीव्र झाला. जेम्स हारग्रीव्ह्झचे अनेक चात्यांचे सूतकताई यंत्र (सु. १७६४), रिचर्ड आर्कराइटची पाण्यावर चालणारी चौकट (१७६९) व सॅम्युएल क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ यंत्र (१७७९) यांनी तो दूर केला. मग सूत विपुल आणि विणकर अपुरे अशी उलट स्थिती आली. या काळात विणकरांची मजुरी वाढली व अनेक नवे लोक या धंद्यात शिरले. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पहिले एकस्व घेतले. त्यात पुढे सुधारणा होत गेल्या आणि यंत्रमाग गिरण्यांतून रुळला. तत्पूर्वीच विणकरांची मजुरी उतरू लागली होती. किमान मजुरी ठरविणारे त्यांच्या मागणीचे विधेयक १८०८ साली ब्रिटिश संसदेने फेटाळले. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक हातमाग विणकर होते. शतकाच्या मध्यानंतर त्यांचा धंदा जवळजवळ नाहीसा झाला.

भारतातील प्रसार : भारतात धावता धोटा आला तेव्हा परिस्थिती वेगळी होती. इंग्लंडमधून येणारे यंत्रसूत बाजारात होते. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाल्यावर देशी गिरण्यांचे सूतही मिळू लागले. त्यामुळे विणकाराचा वेग वाढला तरी सूत कमी पडण्याचा प्रश्न नव्हता. गिरणीच्या कापडाशी स्पर्धा करताना वेग हीच त्याची निकड होती.

बंगालमध्ये सेरामपूर परिसरात हा माग आधीपासून वापरात होता. कलकत्त्याच्या कलाविद्यालयाचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनी त्याचा पुरस्कार केला. मद्रास इलाख्यात ॲल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये सेलम येथे सरकारी विणकाम कारखाना निघाला. मात्र घरचा माग सोडून कारखान्याच्या वेळेत काम करण्यास विणकर नाखूश होते व १९१० मध्ये तो बंद पडला. कारखाना टिकला नाही तरी दक्षिणेत धावता धोटा पसरत राहिला. गावचा सुतार धावपट्टी व पेट्या करून त्या जुन्या खड्डामागालाच बसवून देई, त्यामुळे नवा माग घेण्याचा खर्च पडत नसे.

सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा धंदा वाढविला. तेथे घरगुती मागांबरोबरच एका मालकाकडे अनेक माग व मजुरीवर विणणारे कारागीर अशी कारखान्याची पद्धतही रूढ झाली. अशा ठिकाणी वाढलेल्या उत्पादनाचा मोठा वाटा मागाच्या मालकाकडे जाणे स्वाभाविक होते. घरगुती मागावर वेगाचा भार दुसरीकडे पडला : बाणा जितक्या लवकर संपे तितक्या अधिक कांड्या भराव्या लागत आणि हे काम बहुधा घरातील स्त्रिया व मुले वेगळ्या मोबदल्याशिवाय करीत. इचलकरंजीस १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग सुरू केला. पुढे ते गाव, भिवंडी व मालेगाव ही यंत्रमागाची मोठी केंद्रे झाली.

मर्यादा : साध्या किंवा सरळ पट्ट्यांच्या कापडाला धावता धोटा उपयुक्त ठरतो. पैठणीच्या पदरावरील नक्षीसाठी मात्र निरनिराळ्या रंगांची सुते ठरावीक जागी हाताने गुंफावी लागतात. तेथे धोट्याच्या वेगाचा उपयोग नसतो. नाजूक सूत झटक्याने तुटण्याचाही संभव असतो.

१९५० नंतर बिनधोट्याचे माग प्रचारात आले व मोठ्या कारखान्यांतून धोटा मागे पडला. भारतात २०१९–२० च्या हातमाग गणनेनुसार सु. ३५ लाख लोक या व्यवसायात असून केच्या योजनेवर चालणारे माग अद्याप वापरात आहेत. सुताचा पुरवठा, मागाची मालकी आणि कापडाची बाजारपेठ या गोष्टींवरच या साधनाने वाढविलेल्या वेगाचा लाभ कोणाच्या पदरी पडला हे अवलंबून राहिले आहे.