माशीची नजर आणि मधली फट

बुलढाण्याकडच्या कुठल्याही गोठ्यात पाहा, बैलाच्या पाठीवरची माशी हाणायला हात उगारावा, तर ती निसटलेली! श्रोतेहो, हात कोणत्या बाजूने आला, हे तिला कळते कसे?

१९५६ साली जर्मनीत हासेनस्टाइन व रायखार्ट यांनी भुंगेऱ्यावरील प्रयोगांतून उत्तर मांडले. डोळ्यातल्या दोन शेजारी ठिपक्यांपैकी एकाचा संदेश जरा रेंगाळतो, मग दुसऱ्याशी ताडला जातो. दोन्ही एकदम पोचले, की दिशा कळली.

पण दोन मज्जापेशींमध्ये बारीक फट असते. ती संदेश ओलांडतो कसा? बहुतेक ठिकाणी रसायनाच्या इवल्या पिशव्या काठाशी उघडतात आणि रसायन पलीकडे जाते.

इथे आपल्या मुंबईचे नाव येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांनी सेमूर बेंझर यांच्यासह, उष्णता वाढताच लुळी पडणारी चिलटे अभ्यासली. पिकल्या केळ्यावर येतात ना, तीच. तो निबंध १९७६ सालचा. पुढे १९९५ मध्ये उलगडले, की त्यांतल्या एका वाणात पिशव्यांच्या कामाला लागणारे प्रथिनच बिघडलेले असते.

मोट बिघडली, म्हणजे तिची घडण कळते, तसेच हे. गुरुजी, चिलट हाकलण्याआधी मुलांना एवढे जरूर सांगा.