माध्यमाचा जुना प्रश्न आणि कर्णबधिर विद्यार्थी

मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास पाहू लागलो की माध्यमाचा प्रश्न पदोपदी भेटतो. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. देशी भाषेतून विद्यापीठ चालवण्याचा तो मोठा प्रयोग होता. नांदेड-उदगीरकडच्या मराठी मुलाला मात्र ती भाषा परकीच. विषय आवाक्यात असे, भाषा आडवी येई. 1921 मधली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी यांमागे स्वातंत्र्याच्या ओढीइतकीच आपल्या भाषेत शिकण्याचीही ओढ होती. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दोन्हींशी जोडलेले आहे. 1994 पासून ते नांदेडच्या विद्यापीठालाही आहे.

हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. त्याची एक बाजू मात्र अजून उघडली गेलेली नाही. ज्याला ऐकूच येत नाही, त्याचे माध्यम कोणते?

इथे एक नाव लक्षात घ्यावे: अली यावर जंग. हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर, 1948 ते 1952 या काळात ते उस्मानियाचे कुलगुरू होते. उर्दू माध्यम मागे पडून इंग्रजी आले, ते याच संक्रमणात. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. 1983 साली मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिला त्यांचेच नाव दिले गेले. योगायोगच हा, पण माध्यमाचे दोन प्रश्न एका नावाखाली आले.

कर्णबधिरांच्या माध्यमाचा निर्णयही वरूनच झाला होता. 1880 साली इटलीतल्या मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा बाजूला सारून ओठांवरून बोलणे ओळखण्याची आणि तोंडाने बोलण्याची पद्धत श्रेष्ठ ठरवली. भारतातल्या शाळांवरही या विचाराची छाया दीर्घकाळ राहिली. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 साल उजाडावे लागले. ओठ वाचणे किती अपुरे, हे मराठीतच तपासून पाहावे. ‘पान’ आणि ‘मान’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशातच राहतात. उरलेले सारे अंदाजाने भरायचे, तेही प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलत असताना.

आमच्याकडचे महाविद्यालयीन शिक्षण कानावर उभे आहे. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांसारखा शिक्षक होऊन गेला. त्यांचे व्याख्यान ऐकणे हेच अनेकांचे शिक्षण होते. विद्वानाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो, म्हणजे पुष्कळ ऐकलेला. ‘लातूर पॅटर्न’ची शिस्तही भरगच्च वर्ग, माइकवरचे शिकवणे आणि सततच्या चाचण्या यांवर चालते. अशा दालनात श्रवणयंत्र शिक्षकाचा आवाज वाढवते, तसा पंख्याचा आणि बाकांचाही वाढवते.

कायदा मागे नाही. 1995 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान तीन टक्के जागा ठेवल्या. 2016 च्या कायद्याने उच्च शिक्षणात त्या पाच टक्के केल्या. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले, तिचा दहा हजार शब्दांचा कोश 2021 मध्ये आला. पण जागा मिळणे निराळे आणि वर्गात शिकता येणे निराळे. शाळेत कर्णबधिर मुलाला भाषाविषयांत सूट मिळते. त्या सवलतीने दहावी सुटते. महाविद्यालयात इंग्रजी पुस्तक समोर आले की तीच सूट अंगावर येते.

मग करायचे काय? वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. दुभाष्याच्या हातांकडे पाहताना वही लिहिता येत नाही, म्हणून टिपणे काढून देणारा सहाध्यायी हवा. शिकवायचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी मिळावेत. एका महाविद्यालयाला हे झेपत नसेल तर विद्यापीठाने चार जिल्ह्यांसाठी मिळून दुभाषी नेमावेत.

उस्मानियात अडखळणाऱ्या मराठी मुलाला कोणी मंद म्हटले असते तर मराठवाड्याने ते ऐकून घेतले नसते. दोष मुलाचा नव्हे, माध्यमाचा, हे इथल्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. आज मागच्या बाकावर गप्प बसलेल्या कर्णबधिर मुलीबद्दल ‘तिला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपण तोच इतिहास आठवायला हवा.