सोंड, नळी आणि लूप

गेमिंग पीसीला लिक्विड कूलिंग बसवायचं ठरलं की पंप आणि रेडिएटर पटकन निवडले जातात. गाडी अडते ती नळीवर. हा प्रश्न मात्र जुना आहे. रेणापूरसारख्या गावांच्या विहिरींवर तो कधीच येऊन गेला.

इंजिनाआधी तिथे मोट होती. चामड्याच्या मोटेला खाली निमुळती सोंड असे. मोट वर येताना सोल, म्हणजे बारीक दोर, सोंडेचं तोंड उचलून धरी. थारोळ्यात पोचलं की पाणी आपोआप ओतलं जाई. दर खेपेला दुमडायचं-उलगडायचं, म्हणून सोंड चामड्याचीच. नळीला काय सोसायचंय, यावरून ती ठरली.

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे अशी डिझेल इंजिनं शेतोशेती पोचली. धडधडणारं इंजिन थंड कसं ठेवायचं? पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून. पाणी सिलिंडरभोवती खालून शिरे, वरून गरम होऊन बाहेर पडे आणि पाटाला मिळे. थेंबही वाया नाही. पण ही नळी उन्हानं कडक होई, डिझेल लागून फुगे. ती दुमडली की पाणी थांबे आणि इंजिन जाम होई. जड पाण्याचा क्षार आत थर धरी, तो वेगळाच.

पीसीतही शत्रू तेच. मऊ पारदर्शक पीव्हीसी नळी दिसते छान, पण तिच्यातलं प्लॅस्टिसायझर कूलंटमध्ये उतरतं आणि ब्लॉकच्या बारीक खाचा तुंबवतं. काळी ईपीडीएम रबरी नळी वर्षानुवर्षं टिकते. तिला फक्त तेल चालत नाही. वळणं आखूड असतील तर आतून १०, बाहेरून १६ मिमीची घ्या. जाड भिंत सहज दुमडत नाही. पीईटीजीची कडक नळी पाणी फार तापलं तर मऊ पडून जोडातून निसटू शकते. आणि बोअरचं पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार कूलंटच भरा.

पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकातही चिपची उष्णता द्रवच वाहून नेतो. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं होतं. अशा मुलखात तेच ते पाणी फिरवणारा बंद लूप नुसता शौक राहत नाही. घरच्या पीसीला लिटरभर पाणी पुरतं. ते आत राखायचं काम नळीचं.