'आला' की 'आली'? एकाच माणसासाठी दोन सर्वनामं असतील तर कसं बोलावं

सिरसाळ्यातल्या बहुतेक मुस्लिम घरांत दोन बोली चालतात. घरात दखनी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. दुकानात, बसमध्ये, तलाठ्याकडे, शाळेत मराठीच. त्यामुळे आपल्या घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या माणसाला 'तो' म्हणायचं की 'ती', हा प्रश्न पडला तर तो आपल्याला दोनदा सोडवावा लागतो. दोन्ही बोलींत त्याचं उत्तर एकसारखं नाही.

असा प्रश्न पडणारी माणसं कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची नोंद स्त्री-पुरुष सोडून 'इतर' या रकान्यात झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना वेगळी ओळख मान्य केली. त्यानंतर २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि ओळखीचं प्रमाणपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. पण कागदावर फक्त लिंगाचा रकाना असतो. त्या माणसाशी आणि त्याच्याविषयी कसं बोलायचं, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते त्यालाच विचारावं लागतं.

आपल्या जिल्ह्यातलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे पोलीस शिपाई ललित साळवे. २०१७ मध्ये वर्तमानपत्रांत त्यांचं नाव 'ललिता' असं येत होतं. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ते 'ललित' झाले. त्यांच्या बाबतीत बदल एकदा झाला आणि सरळ झाला, आधी 'ती', नंतर 'तो'. काही माणसांच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द एकाच वेळी चालू असतात, आणि खरा गोंधळ तिथं होतो.

ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून आलेली नवी फॅशन आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही. किरा हॉल आणि वेरोनिका ओडोनोव्हन या अभ्यासकांनी बनारसच्या हिजड्यांच्या बोलण्यावर १९९६ मध्ये लेख लिहिला. तीच व्यक्ती आपसात जवळीक दाखवताना 'मैं गयी' म्हणते, आणि राग आला किंवा एखाद्या गोष्टीवर जोर द्यायचा असला की पुल्लिंगीत बोलते, असं त्यांना दिसलं. दोन सर्वनामं वापरायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

एखाद्याने 'मला दोन्ही चालतं' असं सांगितलं, तर त्याचे निदान दोन अर्थ निघतात. पहिला अर्थ सोपा: कोणतंही वापरा, वाईट वाटणार नाही. दुसरा नाजूक आहे: मैत्रिणींत 'ती', पण घरी अब्बूंसमोर 'तो', किंवा शहरात एक आणि गावात दुसरं. हा दुसरा अर्थ लक्षात न घेता पुण्यात ऐकलेली 'ती' तुम्ही सिरसाळ्यातल्या दावतीत चारचौघांत बोलून दाखवली, तर तुम्ही इज्जत दिली असं तुम्हाला वाटेल. पण त्या माणसावर घर सोडायची वेळ येऊ शकते. म्हणून विचारायचं ते एकट्यात, आणि पूर्ण विचारायचं: घरी काय म्हणू, बाहेर काय म्हणू, फोनवर मागे कुणी असेल तर काय म्हणू? ज्याने तुम्हाला सांगितलं त्याने फक्त तुम्हाला सांगितलं आहे. गल्लीला नाही.

आता मराठीचं पाहू. मराठीत लिंग नुसत्या 'तो-ती'त नसतं, ते क्रियापदात असतं. 'मी आलो', 'मी आले' म्हणताच कळतं. 'तू आलास', 'तू आलीस' मध्येही कळतं. आदरार्थी बोलल्यानेही सुटका नाही, कारण 'ते आले' आणि 'त्या आल्या' वेगळे आहेत. हाक मारताना 'अरे' की 'अगं' हाही प्रश्न आहेच.

पण मराठीने वाटाही ठेवल्या आहेत. 'अहो' सगळ्यांना चालतं. 'तुम्ही कधी आलात?' हे बाई, पुरुष, कुणालाही विचारता येतं. मराठवाड्यात आपण सर्रास 'तुम्ही कधी आल्या?' म्हणतो, तिथं मात्र लिंग दिसतं. अशा वेळी पुस्तकातलं 'आलात' बरं. 'त्याला-तिला'ऐवजी 'त्यांना, त्यांचा, त्यांनी' म्हटलं की भेद राहत नाही. 'त्यांनी फोन केला', 'त्यांना बरं नाही', 'त्यांचा भाऊ भेटला', यात कुठंच काही उघड होत नाही. भविष्यकाळ तर अगदी मोकळा आहे: तो येईल, ती येईल. त्यामुळे नक्की माहीत नसेल, किंवा आजूबाजूला कोण ऐकतंय याचा भरवसा नसेल, तेव्हा अशी वाक्यं कामाला येतात. माहीत असताना मात्र मुद्दाम गोलगोल बोलू नये. समोरच्याला ते कळतं, आणि टाळल्यासारखं वाटतं.

काही जणांना 'तो'ही नको असतं आणि 'ती'ही. शहरातले काही तरुण त्यासाठी 'ते' वापरतात. इथं एक काळजी घ्यायची. 'ते आले' हा आदर आहे. 'ते आलं' म्हटलं की माणसाची वस्तू होते, आणि तृतीयपंथीयांना हिणवायला लोक नेमकं तेच म्हणतात.

दखनीत गाडी थोडी अडते. 'वो' हा शब्द दोघांनाही चालतो, फारसीतल्या 'ऊ'सारखा. पण पुढं 'आरा' की 'आरी' यायचंच. मराठीत 'मी सांगितलं' म्हणताना लिंग लपतं. आपल्या बोलीत 'ने' गळून पडतो, म्हणून 'मैं बोला', 'मैं बोली' असं उघड होतं. 'तुम'मागं लपायचीही सोय नाही. 'मेरेकू जाना है', 'उनकू बुलाव', 'उनका फोन आया' अशी 'कू'ची आणि 'का'ची वाक्यं मात्र सुरक्षित आहेत. अम्मी-नानींना व्याकरण समजावत बसू नका, चार वाक्यं नीट बोलून दाखवा. लाडात मुलीला 'मेरा बेटा किधर गया था' म्हणणाऱ्या आजीला हे अवघड नाही. कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, त्यानेही कुणाचं काही बिघडलेलं नाही.

दीनचा प्रश्न घरात निघतोच. फिक्हच्या किताबांत 'खुन्सा' हा जुना विषय आहे. वारसा, नमाजाची सफ यांवर फुकहांनी तपशिलात चर्चा केली आहे. आज कुणाला कोणता हुक्म लागू होतो, ते आलिमांना विचारावं. पण टिंगल आणि वाईट टोपणनावं यांना सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत सरळ मनाई आहे. 'छक्का' म्हणायला कोणत्याही मसलकात परवानगी नाही.

दवाखान्यात सोबत गेलात तर चिठ्ठी काढताना नाव आणि लिंग कागदाप्रमाणे सांगावं लागेल. मग नर्सला हळूच सांगता येतं की हाक फक्त नावाने मारा. दावतनाम्यावर 'जनाब' की 'मोहतरमा' हे ठरत नसेल तर नुसतं पूर्ण नाव छापा. लहान मुलं विचारतात, चाचा म्हणू की फुफ्फी? त्याचं उत्तर आपण देऊ नये. मुलाला त्यांच्याकडेच पाठवावं; घरात एक आणि बाहेर दुसरं असेल, तर तेही तेच मुलाला समजावतील.