पाल म्हणजे दूध

केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी 1986 साली शिक्षक म्हणून रुजू झालो. हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी एक खासगी यादी ठेवत असे. हुशार, मध्यम आणि मंद असे तीन रकाने. पहिल्याच सत्रात मंदच्या रकान्यात सात नावे चढली. त्यांतली पाच जवळच्या पोडावरची होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. यवतमाळात हे कोणाला सांगावे लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले.

त्या पाचांतल्या एका मुलाला मी फळ्यावर ‘पाल’ असा शब्द लिहून दिला. त्याने अक्षरे बरोबर वाचली. अर्थ विचारला तेव्हा त्याने ओंजळ तोंडाकडे नेऊन पिण्याची खूण केली. वर्ग खो खो हसला, मीही हसलो. तिसरी संपायच्या आत त्याने शाळा सोडली.

पुढे निवृत्तीच्या सुमारास मरे एमेनो यांचा कोलामी भाषेवरचा ग्रंथ माझ्या हाती आला. तो 1955 साली प्रसिद्ध झाला असून आपल्या शेजारच्या वर्धा भागातील कोलामांच्या बोलण्यावर आधारलेला आहे. त्यात शब्द सापडला. कोलामीत पाल म्हणजे दूध. मुलगा बरोबर होता. त्या दिवसापासून एकेका मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवण्याचा इतिहास मी शोधत आलो आहे. हा लेख त्यातूनच झाला.

आपल्याला वाटते की असे शिकवणे ही नवी कल्पना आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मात्र इयत्ताच नव्हती. पोर ज्या दिवशी आले त्या दिवसापासून त्याची धूळपाटी सुरू. एकाचे मुळाक्षर चालले आहे, शेजारचा पावकी-निमकी घोकतो आहे, तिसरा मोडीत चिठ्ठी लिहितो आहे. ज्याचे झाले तो पुढे जाई. पंतोजींचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. छडी होती, अर्थ समजावण्याची पद्धत नव्हती, आणि मुली, अस्पृश्य मानलेले, पोडावरचे यांना त्या ओटीवर जागाच नव्हती. वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पुढे सरकारी शाळांबरोबर इयत्ता आली, इन्स्पेक्टर आला, ठरलेल्या धड्यांची परीक्षा आली. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव 1905 पासूनचे. इयत्तेमुळे दार थोडे रुंद झाले हे खरे. पण आत आलेल्या सर्वांनी एकाच पावलाने चालावे हीही अट आली.

ही अट ज्यांना लागू नव्हती अशांचेही एक उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय बारा, अक्षरओळख जवळजवळ नाही. आजच्या शाळेत त्याला कुठे बसवले असते? दरबाराने त्याला कुठल्याच रांगेत बसवले नाही. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले, मोजक्या सोबत्यांसह वाड्यातच शाळा भरवली आणि मुलगा जिथे होता तिथून सुरुवात केली. सहा वर्षांनी, 1881 अखेर, सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढे त्यांनीच 1893 साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले.

पण सयाजीरावांना आणि त्यांच्या शिक्षकांना जोडणारी माणसे हाताशी होती. आमच्या पोडावरच्या मुलाची पहिली गरज भाषेची, आणि मधला माणूसच नव्हता. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा. तांड्यावरची गोरमाटी वेगळ्या कुळातली. एकाच वर्गात चार घरांच्या चार बोली, आणि समोर मराठीशिवाय काही न येणारा मी.

ही गोष्ट पैनगंगेपलीकडे फार पूर्वी कोणाच्या तरी लक्षात आली होती. आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जंगल-जमिनीसाठी उठाव केला आणि 1940 साली भीम मारले गेले. त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा सल्ला घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या पुढाकाराने 1943 साली मारलवाई या गोंड खेड्यात शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. थोडेफार लिहिता-वाचता येणारे गोंड तरुणच तिथे शिकले आणि आपापल्या भागात मास्तर झाले. पहिली पुस्तके गोंडीत, आणि लिपी देवनागरी, कारण त्या भागातल्या साक्षरांना मराठीमुळे तीच लिपी ठाऊक होती. राज्याची भाषा उर्दू होती, तीही शिकवायची, पण नंतर. आधी मुलाचे बोलणे, मग दरबाराचे. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. तो टिकला नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि शाळांत तेलुगूचा अंमल बसला. त्याच भागात अधिकारी राहिलेले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिली. पगडींना आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून वाचतो. त्यांचे हे काम माझ्यासारख्या मास्तरांच्या हाती तेव्हाच पडायला हवे होते.

मधला माणूस काय करू शकतो याचे मोजमाप पुढे झाले. ‘प्रथम’ संस्थेची बालसखी ही वस्तीतलीच शिकलेली तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन ती त्यांना पायापासून शिकवी. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत या कामाची पद्धतशीर तपासणी झाली. योगायोगाने पुन्हा बडोदाच! सर्वांत कच्च्या मुलांची प्रगती सर्वांत ठळक निघाली. मुले बाहेर गेल्याने वर्ग लहान झाला, तरी आत उरलेल्यांना त्याचा विशेष फायदा झाला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागत नाही. तपासणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात उशिरा दाखल झालेल्या मुलाला खास प्रशिक्षणाचा हक्क आहे. त्याच कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. मनाई योग्यच आहे. पण आज यवतमाळ शहरात जादा शिकवणी त्यालाच मिळते ज्याचा बाप फी भरतो, आणि पोडावर कोणी शिकवणी लावत नाही.

मागच्या वर्षी मी त्या मुलाला शोधत पोडावर गेलो. आता तो पंचेचाळिशीचा बाप्या आहे, कपाशी वेचायला जातो. मी पालीची गोष्ट सांगितली, माझी चूक सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मले तं काही याद नाही, गुरुजी.” त्याच्या बायकोने चहा आणला. दूध नव्हते, कोराच होता. बारावी झालेली पोडावरची एक मुलगी हल्ली संध्याकाळी चावडीत पोरे गोळा करून कोलामीतून मराठी शिकवते. त्याची धाकटी तिथे जाते. मी आठवड्यातून दोनदा खडू घेऊन जातो आणि मागे बसतो.