पेनिसिलीन, पेटंट आणि प्रामाण्य



आजचा विषय ‘विकसनशील देश आणि ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था’ असा जाहीर झालेला आहे. शब्द भारदस्त आहे. तो ऐकला की डोळ्यांपुढे हिंजवडी येते, बंगळुरू येतं, काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं येतात. मी आज तिकडे जाणार नाही. मी तुम्हाला पिंपरीला नेणार आहे आणि तिथून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. ज्ञानाच्या बळावर आपण एक धंदा उभा केला, याचं संगणकाहून जुनं उदाहरण औषधांचं आहे. रसायनशास्त्रात मला गती नाही, हे आधीच सांगतो. पण ‘ज्ञान म्हणजे काय’ हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला, आणि त्या प्रश्नाचा जिवाशी किती संबंध आहे हे मला पुस्तकांपेक्षा या इतिहासाने जास्त शिकवलं.

माझ्या लहानपणी एसटीने पुण्याहून मुंबईकडे निघालं की पिंपरीला वडील खिडकीतून बोट दाखवायचे, ‘तो बघ पेनिसिलीनचा कारखाना.’ हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली सरकारने तो स्थापन केला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. यंत्रं आली, त्याबरोबर बुरशी कशी वाढवायची, औषध वेगळं कसं काढायचं, हेही शिकवलं गेलं. आणि आपली माणसं नुसती शिकून थांबली नाहीत. पुढे याच पिंपरीच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधलं. नावातला ‘ह’ हिंदुस्थानचा. आज हे फारसं कुणाला आठवत नाही.

आता त्या काळची एक विचित्र गोष्ट. देश गरीब, पण औषधं महाग. अमेरिकेत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ नंतर औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा काही औषधांच्या बाबतीत भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात असं दिसून आलं. असं का? आपल्याकडे १९११चा, इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता आणि देशातली बहुतांश पेटंटं परदेशी कंपन्यांकडे होती. त्या इथे औषध बनवत नव्हत्या आणि दुसऱ्याला बनवूही देत नव्हत्या. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९च्या अहवालात हे सगळं अत्यंत शांतपणे, आकडेवारीसकट मांडलं. कायद्याचा अहवाल इतका वाचनीय असू शकतो यावर माझा आधी विश्वास नव्हता.

त्यातून १९७०चा पेटंट कायदा आला आणि १९७२ साली अमलात आला. त्याचं मर्म साधं आहे. समजा पुरणपोळीचं पेटंट घेतलंय. वस्तूचं पेटंट असेल तर माझ्याशिवाय कुणीही, कोणत्याही पद्धतीने पुरणपोळी करायची नाही. पण पेटंट फक्त कृतीचं असेल, तर माझी कृती माझी. तुम्ही डाळ वेगळ्या रीतीने शिजवून, वेगळ्या रीतीने वाटून पोळी केलीत, तर ती तुमची. नव्या कायद्याने औषधांवरचं वस्तूचं पेटंट काढून टाकलं, कृतीचं तेवढं ठेवलं आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९च्या पुस्तकात एक भेद सांगितला. एखादी गोष्ट अशी-अशी आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. पोहण्याचं शास्त्र पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. आपल्या संसदेने राइल वाचला असेल असं नाही, पण १९७०च्या कायद्याने नेमकं हेच केलं. औषधाचा रेणू कसा असतो ही माहिती सगळ्यांची. तो बनवण्याची करामत ज्याची त्याची. मग बक्षीस कशाला मिळणार? करामतीला. त्यामुळे देशभरातले रसायनशास्त्रज्ञ तोच रेणू दुसऱ्या वाटेने, कमी पायऱ्यांत, स्वस्तात कसा गाठता येईल या मागे लागले.

पण कायद्याने वाट मोकळी होते, चालणारे पाय कायदा देत नाही. ते पाय आधीपासून घडत होते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ पासून होता. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईतच सिप्ला काढली होती. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. रशियाच्या मदतीने आयडीपीएल हा सरकारी उद्योग १९६१ मध्ये उभा राहिला. अंजी रेड्डी यांचा प्रवास पाहा. शिक्षण मुंबईच्या त्या विभागात, डॉक्टरेट पुण्याच्या प्रयोगशाळेत, नोकरी आयडीपीएलमध्ये, आणि १९८४ साली स्वतःची डॉ. रेड्डीज. खासगी उद्योगाने सगळं केलं असं म्हणणाऱ्यांना मी हा एक प्रवास सांगतो. सरकारने सगळं केलं म्हणणाऱ्यांनाही तोच सांगतो!

याचं फळ जगाला २००१ मध्ये दिसलं. एचआयव्हीवरच्या औषधांचा खर्च तेव्हा एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत माणसं औषध असूनही मरत होती. युसुफ हमीद यांच्या सिप्लाने फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. शिवाय तिन्ही औषधं एकाच गोळीत. इतरत्र या तीन औषधांची पेटंटं वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती, म्हणून ती एका गोळीत आणणं अवघड. आपल्याकडे तो अडसरच नव्हता. किती जीव वाचले याचा हिशेब मी करत नाही, पण माझ्या पिढीने देशाबद्दल अभिमान बाळगावा अशा गोष्टींत ही फार वर आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून वस्तूचं पेटंट परत आलं, वीस वर्षांसाठी. पण कायद्यात कलम ३(ड) घातलं गेलं. जुन्याच औषधाचं नवं रूप आणलं तर त्याचा गुण वाढलाय हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेक या औषधाबद्दलचा नोव्हार्टिसचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच आधारावर फेटाळला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नेक्साव्हर या औषधाचा सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचं औषध ८,८८० रुपयांवर आलं.

इथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण मला दुसरी बाजू सांगायचीच आहे.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. जे. जे. रुग्णालयात डोळ्यांच्या आणि मेंदूच्या रुग्णांना दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल देत असत. साधं, जुनं औषध. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. हे रसायन दिसायला तसंच, चवीला गोड, आणि मूत्रपिंड निकामी करणारं. १४ माणसं दगावली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालय आणि औषध प्रशासन दोघांनाही धारेवर धरलं. हे विष काही नवं नव्हतं. अमेरिकेत १९३७ साली त्यानेच शंभरावर बळी घेतले होते, आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे औषधांचा कायदा कडक झाला. आपल्याकडे लेंटिन अहवालानंतर काय झालं? २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं दगावली आणि संशयाची सुई भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांकडे वळली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा तेच रसायन, पुन्हा खोकल्याचं औषध, वीसहून अधिक मुलं. त्यांतली कित्येक आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती.

हे ज्ञानाचं अपयश आहे का? रसायन ओळखण्याची चाचणी आपल्याला माहीत आहे. ती करताही येते, आणि फार महागही नाही. म्हणजे राइलच्या दोन्ही कप्प्यांत आपण पास आहोत. तरी मुलं मरतात.

इथे मला नैयायिक आठवतात. मीमांसक म्हणायचे, ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण, बाधा येईपर्यंत शंका घेऊ नका. नैयायिक म्हणायचे, नाही! ज्ञान खरं की नाही हे बाहेरून तपासावं लागतं. समोर पाणी दिसलं तर जवळ जा, पिऊन बघा, तहान भागली तर ते पाणी. नाहीतर मृगजळ. पिंपावरचं ‘ग्लिसरीन’ हे लेबल म्हणजे शब्दप्रमाण आहे. पण शब्द प्रमाण कधी? बोलणारा आप्त असेल, म्हणजे खरं सांगणारा असेल तेव्हा. इथे पुरवठादाराला आप्त मानलं गेलं. कारखानदाराने त्याचा कागद मानला, औषध प्रशासनाने कारखानदाराचा, डॉक्टरांनी बाटलीवरचा छाप आणि आईने डॉक्टरांचा शब्द. आईकडे तपासायचं साधन नव्हतं. इतरांकडे होतं.

आपण बनवायच्या ज्ञानाला मोल दिलं. तपासणाऱ्या ज्ञानाला दिलं नाही, कारण त्यातून विकायला काही निघत नाही. पुण्याच्या त्या प्रयोगशाळेचे संचालक राहिलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्येच सक्षम केंद्रीय औषध प्रशासनाची शिफारस केली होती. आजही कारखान्यांचे परवाने मुख्यतः राज्यं देतात, आणि निरीक्षक किती, प्रयोगशाळा किती, हे राज्याराज्यांत बदलतं.

आणि आपली पिंपरी? १९९० नंतर चीनहून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागलं आणि आपले पेनिसिलीनचे कारखाने एकेक करून बंद पडले. जगाला स्वस्त गोळ्या देणारा देश गोळीतला मूळ माल मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणू लागला. हातची कला वापरली नाही की जाते, हे गवयालाही माहीत असतं. कोविडच्या साथीत २०२० मध्ये सरकारला जाग आली, अनुदानाची योजना निघाली आणि २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलीन पुन्हा बनायला लागलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची देणी फेडण्यासाठी तिची जादा जमीन विकायचं मात्र केंद्र सरकारने २०१६ सालीच ठरवलं होतं.

वेळ झाली आहे, आणि समोरून दोन-तीन हात वर झालेले दिसतायत. फार्मसीचे विद्यार्थी असतील तर त्यांनी आधी विचारावं.