एलिझाबेथ कुलमान आणि शूमानची स्मरणगीते

जो लेखक एकाहून अधिक भाषांत लिहितो, त्याला त्यांपैकी कोणत्याही वाङ्मयाचा इतिहास सहसा पूर्णपणे आपला मानीत नाही. सेंट पीटर्सबर्ग येथील कवयित्री एलिझाबेथ कुलमान (१८०८–१८२५) हे याचे लक्षणीय उदाहरण होय. तिचे घराणे जर्मन वंशाचे, वास्तव्य मात्र रशियात. वडील लवकर निवर्तल्याने कुटुंबास दारिद्र्य आले. तिच्या शिक्षणाचा भार कार्ल ग्रोसहाइनरिख या विद्वान गृहस्थाने उचलला. ग्रीक, लॅटिन, इटालियन, फ्रेंच, इंग्रजी अशा अनेक भाषा तिने आत्मसात केल्या आणि रशियन, जर्मन व इटालियन या तिन्ही भाषांत काव्यरचना केली. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी तिचा अंत झाला.

१८३३ साली रशियन अकादमीने तिच्या कविता प्रसिद्ध केल्या. पुढे ग्रोसहाइनरिखने तिचे जर्मन काव्यही संपादिले. तथापि अल्पायुषी, बहुभाषाकोविद मुलीविषयीचे कुतूहल तिच्या काव्याविषयीच्या आस्थेहून अधिक टिकले. ते कुतूहल ओसरताच कवयित्रीही विस्मृतीत गेली.

तिचे काव्य गांभीर्याने वाचणारा एक थोर वाचक म्हणजे संगीतकार रोबर्ट शूमान. ड्युसेलडॉर्फ येथे असताना १८५१ साली त्याने तिच्या सात कवितांना चाली दिल्या. कृतिक्रमांक १०४ म्हणून प्रसिद्ध झालेली ही गीते एक कंठ व पियानो यांच्यासाठी आहेत. पण शूमान चाली देऊन थांबला नाही. त्याने आरंभी कवयित्रीची ओळख करून देणारे अर्पणपर निवेदन लिहिले आणि गीतांस लहान लहान गद्य टिपणे जोडली. त्यामुळे हा गीतसंग्रह म्हणजे शब्द व सूर या दोहोंनी रचलेले एक चरित्रच झाले आहे.

एका गीतात आपल्याला गरीब म्हणणाऱ्यास ती मुलगी आपल्या झोपडीवरील सूर्योदयाचे वैभव दाखविते. दुसऱ्यात स्वर्गद्वारी उभ्या असलेल्या भावांकडे नेण्यासाठी ती मेघाला हात मागते. अखेरच्या गीतात मृत्यू समोर असताना तिला चिंता आहे ती मागे राहणाऱ्या आईची. पियानोची साथ सर्वत्र मितभाषी असून शब्दांवर कुरघोडी करीत नाही.

शूमानने या कवयित्रीस वाजवीपेक्षा अधिक मोठे मानले, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला आहे. गीतांचा साधेपणाही काहींस उणेपणा वाटला. परंतु टिपणे वगळून केवळ गीते ऐकली, तरच हा साधेपणा रिता भासतो. टिपणांसह ऐकल्यास प्रत्येक गीत एका विशिष्ट आयुष्यातील क्षण म्हणून उभे राहते. गायनप्रसंगी ती टिपणे गाळणे म्हणजे शूमानने जिचे नाव आवर्जून पुढे आणले, तिला पुन्हा निनावी करणे होय. या कृतीची खरी संहिता गद्य, पद्य आणि संगीत या तिहींची मिळून बनलेली आहे, आणि तिचे मूल्यमापनही त्याच समग्र रूपात व्हावयास हवे.